खंडेरावांची मांडी

आमच्या घरमालकीणबाईंना कुत्रे आवडत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या गेल्यापासून जो भेटतो तो मला म्हणतो, "बाईंना मुक्या प्राण्यांची केवढी माया हो!" बाईंनी हे ऐकलं असतं तर म्हणणाऱ्याला अंगणातून हाकलून दिलं असतं.

"माया कसली? चावतात मेले," त्या म्हणायच्या. "मला कुत्रा आवडत नाही. मला कुत्र्याची मांडी आवडते. काय बांधलीय देवाने! माणसाची बांधताना त्याला घाई झाली असणार."

हे बोलताना त्यांचे दोन्ही अंगठे एखाद्या मांडीत रुतलेले असत आणि ती मांडी ज्याची, तो कुत्रा डोळे अर्धे मिटून, जीभ बाहेर काढून, आपण बाईंना आवडत नाही याची काहीही कल्पना नसल्यासारखा पडलेला असे. त्याने वळून हात चाटायचा प्रयत्न केला की बाई हात उंच धरत. "अहो, लांबून बोला."

कुत्र्यांना त्या अहो-जाहो करत. मालकांना मात्र अरे-तुरे. रत्नागिरीच्या आसपासचे भलेभले बागायतदार, पिकल्या मिशांचे, त्यांच्यासमोर "अरे" होऊन उभे राहत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "ज्याला दुखतंय त्याला अहो. ज्याच्यापायी दुखतंय त्याला अरे. यात विचारण्यासारखं काय आहे?" कुत्र्यांच्या नावांनाही त्यांच्याकडे बढती मिळे. मोत्याचा मोतीराम व्हायचा, काळूचा काळूराव. टायगर नावाचे तर इतके येत की ते सगळे 'टायगरसाहेब' झाले आणि मग गावावरून ओळखले जाऊ लागले.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले आणि बाईंच्या माडीवर राहायला आले, तेव्हा त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. सगळी नोकरी त्यांनी सरकारी दवाखान्यात माणसांचे खांदे, कमरा आणि गुडघे वळवण्यात घालवली होती. घरी बसून करायचं काय, या विचारात असतानाच एक हवालदार दारात आला. पोलिसांच्या श्वानपथकातला. त्याचा आखडलेला खांदा बाईंनी पूर्वी सोडवला होता. या वेळी दुखणं त्याचं नव्हतं, त्याच्या कुत्रीचं होतं. वास काढत चढावर धावताना तिचा मागचा पाय मुरगळला होता. गुरांच्या डॉक्टरांनी हाड शाबूत आहे म्हणून सांगितलं होतं आणि विश्रांती द्या म्हटलं होतं. विश्रांती देऊन देऊन पाय काडीसारखा झाला होता.

"मी कुत्र्याला हात लावत नाही," बाई म्हणाल्या.

"बाई, नुसता बघा तरी."

बाईंनी बघितला. मग हात लावला. मग, हवालदार सांगायचा, बाईंच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं, जे लहान मुलाला नवीन खेळणं मिळाल्यावर येतं. ती कुत्री पुढे पुन्हा कामावर गेली आणि बाईंच्या अंगणात दुसऱ्या आयुष्याला सुरुवात झाली.

"हाड डॉक्टरचं, मांस माझं," अशी त्यांनी वाटणी केली होती. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय त्या एकही कुत्रा घेत नसत. डॉक्टरही त्यांच्याकडे खुशीने पाठवत. पोलिसांचे कुत्रे येत, बंदरावर सुकत घातलेली मासळी राखणारे येत. पण सगळ्यात जास्त येत ते आंब्याच्या बागांतले. या कुत्र्यांचं काम वानर हाकलण्याचं. वानर झाडावरून झाडावर जाणार आणि कुत्रा खालून कातळावर, दगडांतून, उताराने, वर बघत धावणार. वर बघत धावणाऱ्याचं जे व्हायचं ते त्यांचं होई.

अंगणात बाईंनी पोफळीच्या फांट्या, म्हणजे उभ्या चिरलेल्या खोडाच्या पट्ट्या, ओळीने आडव्या टाकलेल्या होत्या. कुत्र्याने त्या एकेक ओलांडायच्या, म्हणजे पाय नीट उचलावा लागतो. माझ्या जिन्याची वाट त्याच अंगणातून होती, त्यामुळे मीही त्या ओलांडतच घरात येई. बाई पडवीतून बघत.

"काय गो, डावा पाय फरफटतोय तुझा. दिवसभर खुर्चीत बसून पुस्तकांना सोबत करतेस ना? पुन्हा जा आणि पुन्हा ये."

मी पुन्हा जाई आणि पुन्हा येई. रांगेत माझ्यामागे एखादा टायगरसाहेब उभा असे. बाई गेल्या मार्गशीर्षात गेल्या. फांट्या मी अजून हलवलेल्या नाहीत, आणि माझा डावा पाय अगदी छान उचलला जातो. सांगायला कोणी नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

बाईंकडे वार नव्हते, तिथ्या होत्या. कुत्र्यांना त्या भाट्याच्या किनाऱ्यावर चालवत: आधी ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूत, मग घोटाभर पाण्यात, मग पोटाला पाणी लागेल इतकं. पाणी वजन उचलतं आणि स्नायूला काम देतं, असं त्या सांगत. आता ओहोटी काही सोमवार-मंगळवार बघून येत नाही. म्हणून त्या सांगत, "पौर्णिमेला उजाडता या," किंवा "अष्टमीला जेवणाच्या आधी." मासेमारी करणाऱ्या घरांना हे लगेच कळे. हवालदाराने मात्र ड्यूटीच्या तक्त्याशेजारी पंचांग टांगून घेतलं होतं, आणि त्याच्या साहेबांना वाटे की माणूस नोकरीच्या वयातच देवाधर्माला लागला.

मालीश शिकवण्याची त्यांची पद्धत अशी की आधी मालकाने चटईवर पालथं झोपायचं. बाई त्याच्या पोटरीत अंगठा घालत. अंगणातून "आई गं!" असा आवाज आला की मी वरच्या खिडकीतून ओळखत असे, नवीन मालक आला.

"दुखलं?"

"दुखलं, बाई!"

"आता ह्यांना किती दाबायचं?"

"कमी, बाई. पुष्कळ कमी."

"ऊठ. शहाणा आहेस."

त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट म्हणजे कुत्रा बरा झाला की नाही हे ठरवण्याचा. लंगडणं थांबलं की मालक म्हणत, झाला बरा, सोडा कामावर. हल्ली तर मोबाइलवर व्हिडिओ पाठवत. बाई ते उघडतसुद्धा नसत. "व्हिडिओत सगळेच तुरुतुरु चालतात. रात्रभर पडून उठल्यावर पहिली चार पावलं कशी पडतात ते मला दाखव." ते दाखवणार कसं? मग बाईच जात. ओळखीच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवून, घडीचं स्टूल घेऊन, उजाडायच्या आत त्या मालकाच्या दारात जाऊन बसत आणि कुत्रा जागा होण्याची वाट बघत. एका घरच्या सुनेने पहाटे केर काढायला दार उघडलं तर समोर स्टुलावर पांढऱ्या पातळातली एक बाई, ओठांवर बोट ठेवून.

"श्श! पेशंट झोपलाय."

ती बिचारी किंचाळलीसुद्धा नाही. चहा टाकते म्हणाली. "नको, भांडी वाजतील," बाई म्हणाल्या.

अशा फेऱ्यांना त्या मला बरोबर नेत. स्टूल धरायला, असं म्हणत. पण मला वाटतं, कुत्र्याची पावलं बघताना जो आनंद त्यांना होई तो कोणाला तरी कोपराने ढोसून सांगावा लागे. माझी डावी बाजू कित्येकदा हुळहुळत असे.

पावसचे तात्या त्यांच्याकडे आले ते थंडी सुरू झाल्यावर, मोहोर धरत असताना. सत्तरीच्या पुढचे, किडकिडीत, डोक्याला पंचा गुंडाळलेला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा मंगेश डोंबिवलीला. आंब्याच्या बागेत तात्या आणि त्यांचा तांबूस कुत्रा खंड्या, असे दोघेच राहत. खंड्या वानरांमागे गडग्यावरून झेपावला होता आणि पलीकडच्या शेवाळलेल्या कातळावर मागचे पाय फाकून घसरला होता. आमच्याकडे बागेला तारेचं कुंपण क्वचित. गडगा असतो, म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे नुसते एकावर एक रचून केलेली, कमरेएवढी भिंत.

बाईंनी मांडीच्या आतून बोटं फिरवली आणि एका जागी थांबल्या. "इथे फाटलंय. आणि एकदाच नाही. भरून येत होतं, तेवढ्यात पुन्हा फाटलंय. तू ह्यांना कामावर पाठवलंस?"

"मी नाय पाठवला. तोच गेला."

"तोच गेला! आणि तू काय करत होतास?"

"मी पण गेलो," तात्या म्हणाले. "मग मी पण पडलो." त्यांनी मनगट दाखवलं. त्याला पट्टी होती.

बाईंनी त्या मनगटाकडे जरा वेळ बघितलं. "खंडेराव, या आत," एवढंच म्हणाल्या.

खंडेरावांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पावस गाव समुद्राजवळचं असलं तरी तात्यांची बाग वर सड्यावर, कातळाच्या पठारावर, आणि कुत्र्याला बागेतून बाहेर पडायची फुरसत नव्हती. पहिल्या दिवशी भाट्याला लाट पुढे आली तसे ते उठून मागे जाऊन बसले. लाट मागे गेली तसे पुढे आले आणि भुंकले. तात्या म्हणाले, "त्याला वाटतंय, आपण हाकलली."

"वाटू दे. तेवढंच पायाला बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी पातळ वर खोचलं आणि गुडघाभर पाण्यात जाऊन हात पुढे केला. "या ना खंडेराव, आत या. खारं आहे, पण आपलंच आहे." खंडेराव येईनात. मग बाईंनी तात्यांकडे बघितलं. "तू चल आधी. ते तुझ्यामागून येतील."

"मी? मला सर्दी होते, बाई."

"वानरांमागे गडग्यावरून उडी मारताना नाही का झाली सर्दी?"

तात्या धोतर गुडघ्याच्या वर गुंडाळून पाण्यात शिरले आणि खंडेराव त्यांच्यामागे, नाक वर धरून. ते तिघं किनाऱ्याला समांतर चालत गेले. मी वाळूत चपला राखत बसले होते. परत आले तेव्हा तात्या हसत होते. ते म्हणाले, बायको होती तेव्हा पौषात एकदा आम्ही दोघं इथे आलो होतो. ती पण अशीच पाण्याला भ्यायची. मग पुढे कुठल्याही तिथीला बोलावलं तरी तात्या वेळेआधी हजर असत आणि कुत्र्याआधी पाण्यात शिरत.

पाय सुधारत होता. काडीसारखी झालेली मांडी हाताला लागू लागली. पण पूर्ण नाही. दर काही दिवसांनी, काही कारण नसताना, एखाद्या सकाळी खंडेराव पुन्हा पाय उचलून येत, आणि बाई रात्रभर चिडचिड करत. "मी काय चुकतेय? सांग, तू एवढी पुस्तकं वाचतेस." माझ्या पुस्तकांत खंडेरावांची मांडी नव्हती.

माघ लागला तसे तात्या रोज विचारू लागले, "बरा झाला ना आता? झाला म्हणा ना, बाई." शेवटी बाई म्हणाल्या, "उद्या पहाटे येते. पहिली पावलं बघते."

आम्ही पोचलो तेव्हा पूर्वेला नुसतं फटफटत होतं. तात्या पडवीत बसलेले, आंघोळ झालेली, चेहरा अगदी निरागस. कोपऱ्यात पोत्यावर खंड्या, डोळे मिटून. बाई स्टुलावर बसल्या. थोड्या वेळाने तात्या उगाचच खाकरले. खंड्या ताडकन उठला आणि अंगणातून विहिरीपर्यंत असा चालत गेला की वरातीतला घोडासुद्धा लाजला असता.

"बघा बाई! नाचतोय नुसता!"

बाईंनी कुत्र्याकडे बघितलंच नाही. त्या उठल्या, कोपऱ्यात गेल्या आणि पोत्यावर तळहात ठेवला.

"पोतं गार आहे."

"थंडी आहे ना, बाई."

"रात्रभर कुत्रा निजलेलं पोतं गार? आणि त्यांच्या पोटाला दंव कुठून लागलं रे?" त्या खंड्याकडे वळल्या. "खंडेराव, झोपेचं सोंग तुम्हाला कोणी शिकवलं?"

खंडेरावांनी शेपटी हलवली. तात्या खाली बघू लागले. पहाटे उठून त्यांनी कुत्र्याला बागेतून फिरवून आणलं होतं, मांडी चोळून गरम केली होती आणि रिक्षाचा आवाज आला तशी त्याला पोत्यावर बसवून "नीज, नीज" म्हटलं होतं. मला हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत.

"मला फसवून तुला काय मिळणार होतं?"

"तुमाला नाय, मंगेशला," तात्या म्हणाले. "शिमग्याला येतोय तो. मी पडलो तेव्हापासून घाबरलाय. तो म्हणतो, कुत्रा धड झाला असेल आणि तुमाला वानरांमागे धावायला लागणार नसेल, तर राहा. नायतर बाग राखणीला देऊ आणि तुमी चला डोंबिवलीला. त्याचं चूक नाय, बाई. त्याला तिथं झोप लागत नाय. खंड्याला पण आणा म्हणतो. दुसरा मजला हाय. गॅलरी हाय म्हणतो." ते जरा थांबले. "तुमी नुसतं सही करून दिलंत, कुत्रा बरा हाय म्हणून, तरी भागेल."

"मी खोटी सही करत नाही."

"मग मी काय करू?"

बाईंनी स्टुलाची घडी केली. मग म्हणाल्या, "तात्या, तुम्ही बसा." मी मान वर करून बघितलं. मालकाला 'तुम्ही' म्हणताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं.

मग त्या खंड्यामागे बागेत गेल्या. त्या इतके महिने कुत्र्याला बोलावत होत्या, समुद्रावर नेत होत्या, पहाटे त्याच्या दारात बसत होत्या. पण तो काम करतो कुठे, हे बघायला गेल्या नव्हत्या. खंड्याने आम्हाला सरळ गडग्यापाशी नेलं. एका जागी चिऱ्यांवरचं शेवाळ घासून गेलं होतं, नखांचे ओरखडे होते. पलीकडे गुळगुळीत, उतरता कातळ.

"इथून? रोज?"

"वानर पलीकडेच बसतात," तात्या म्हणाले. "आमच्या झाडावरचं ओरबाडायचं आणि पलीकडं जाऊन खायचं. मग हा जातो."

बाईंनी कपाळावर हात मारला. "आणि मी ह्यांना समुद्रात चालवतेय! मी शिवायचं आणि ह्या गडग्याने उसवायचं." त्या बराच वेळ स्वतःलाच नावं ठेवत होत्या, मोठ्याने आणि फार मनापासून. मग एकदम थांबल्या. "सोपं आहे. दोन्ही बाजूंनी चिऱ्यांच्या पायऱ्या करा. उडी मारायचीच नाही. चढायचं, उतरायचं."

"ते जमणार नाय."

"का?"

"पलीकडं अण्णा हाय."

अण्णा म्हणजे तात्यांचे चुलत भाऊ, त्यांच्याहून थोडे लहान. गडग्यावर एक फणसाचं झाड होतं; ते कोणाचं, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. झाड पुढे वादळात पडलं. बोलणं बंदच राहिलं. अगदीच अडलं तर दोघं कुत्र्याला मध्ये घालून बोलत.

हे मला खरं वाटलं नव्हतं, पण तेवढ्यात पलीकडून आवाज आला. बनियन घातलेले, गोलमटोल अण्णा आंब्याखाली उभे होते आणि बहुधा सगळं ऐकत होते.

"खंड्या, सांग तुझ्या मालकाला. गडगा सामाईक हाय. एक चिरा हलला तरी सरकारी मोजणी आणीन."

बाई दोन्ही हात टेकून गडग्यावर चढून बसल्या, पाय अण्णांच्या बाजूला सोडून. त्या वयात त्या कशा चढल्या, मला कळलं नाही.

"माझ्याशी बोल. खंडेराव माझे पेशंट आहेत, तुझे पोस्टमन नाहीत."

"बाई, तुमी शहरातल्या. तुमाला यातलं नाय कळायचं."

"तुझ्या झाडांना आंबा किती राहतो?"

अण्णा वर आंब्याकडे बघू लागले.

"अरे, विचारतेय मी."

"वानरांनी ठेवला तर राहतो," अण्णा पुटपुटले.

"तुझ्याकडे कुत्रा आहे?"

"नाय."

"मग हे आयते राखायला येतायत, तर तुला त्यांना वाट द्यायला नको?"

अण्णांनी डोकं खाजवलं. "आणि कुत्रा माझ्या हद्दीत हगला तर?"

"खत."

मागून तात्यांचं हसू फुटलं. ते त्यांनी खोकल्यात लपवलं. अण्णांच्याही ओठांचा कोपरा हलला, पण ते सावरले. "बरं. पण माझ्या बाजूचे चिरे मी लावणार. त्यांनी हात नाय लावायचा."

"खंड्या, सांग त्यांना," तात्या मागून म्हणाले, "माझ्या बाजूचे मी लावणार."

"झालं तर मग," बाई म्हणाल्या. "आणि दोन्हीकडच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतील, तर दोघांनाही भाट्याला पाण्यातून चालवीन. आता मला कोणीतरी खाली उतरवा."

दोघांनी पायऱ्या बांधल्या त्या एकमेकांवर डोळा ठेवून. इकडे तात्यांनी चिरा घासून गुळगुळीत केला की तिकडे अण्णा त्यांचा घासत. बाईंनी येऊन दोन्हीकडचे चिरे परत खरखरीत करून घेतले, कुत्रा घसरू नये म्हणून, आणि दोघांना एकाच दमात मूर्ख म्हटलं. खंडेराव मात्र पायऱ्यांच्या शेजारून उडीच मारत. सवय. मग प्रत्येक पायरीवर सुकट घातलेला भाकरीचा तुकडा ठेवायचा, असं ठरलं. तात्या त्यांच्या बाजूला ठेवत. पलीकडे कोण ठेवतं, हे कोणी विचारलं नाही. पण पलीकडचे तुकडे मोठे असत.

शिमगा आला. पालखी घरोघर नाचून गेली आणि दुसऱ्या दिवशी तात्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. मंगेश पडवीत बसला होता. मला तो दुष्ट वाटेल अशी माझी समजूत होती, पण तो थकलेला, हळू बोलणारा माणूस निघाला. वडिलांचं मनगट तो दर थोड्या वेळाने हातात घेऊन बघत होता. त्याच्या बॅगेशेजारी दुसरी एक बॅग होती. तात्यांची, रिकामी, उघडी.

जेवण झाल्यावर त्याने विचारलं, "बाई, खरं सांगा. कुत्रा पूर्ण बरा झाला?"

तात्यांनी हातातली सुपारी तशीच धरली.

"नाही," बाई म्हणाल्या. "आणि होणारही नाही. फाटलेलं मांस भरून येतं ते दोरीसारखं. ते पहिल्यासारखं ताणत नाही. पाय असाच थोडा आत ओढून टाकणार ते. पुन्हा पूर्वीसारखी उडी मारली तर पुन्हा फाटेल."

तात्यांनी सुपारी खाली ठेवली. मला बाईंचा इतका राग आला होता की मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. एक शब्द, एक छोटा शब्द फिरवला असता तर काय बिघडलं असतं?

"मग," मंगेश हळूच म्हणाला, "बाबा, आपलं ठरलं होतं..."

"दादा!"

आवाज गडग्याच्या पलीकडून आला. आम्ही सगळेच दचकलो. तात्या सगळ्यांत जास्त.

"दादा! अरे दादा, बहिरा झालास काय? टोळीच्या टोळी आलीय! खंड्याला सोड!"

खंड्याला कोणी बांधलं नव्हतंच. तो उठला आणि धावत सुटला. पाय थोडा आत ओढत, पण धावत. गडग्यापाशी थबकला. एकेक पायरी चढला, वर उभा राहिला, छाती पुढे काढून भुंकला आणि तसाच सावकाश पलीकडे उतरला. तात्या त्याच्यामागे गेले ते डबा आणि काठी घेऊन, आणि गडग्याच्या अलीकडे थांबले. पलीकडे अण्णाही डबा घेऊन उभे होते. दोघं म्हातारे समोरासमोर उभे राहून ते डबे असे बडवत होते, की वानर गेले तरी थांबेनात. झाडं मोकळी झाली, खंड्या भुंकायचा थांबला, आणि डबे अजून वाजतच होते.

मग शांत झालं. अण्णांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि कुत्र्यासाठी बांधलेल्या पायऱ्या चढून ते अलीकडे उतरले.

"पाणी दे रे जरा," म्हणाले. "घसा सुकला."

तात्यांनी कळशीतून पाणी दिलं. अण्णा पडवीच्या कडेला बसले, जणू कालही इथेच बसले होते. मंगेश उभा राहून दोघांकडे बघत होता. काकांना त्या पडवीत बसलेलं त्याने लहानपणी कधीतरी बघितलं असेल.

"बाबा, तुम्ही पलीकडे गेला नाहीत," तो म्हणाला.

"कशाला जाऊ? पलीकडं हा हाय की."

मंगेशने त्या पायऱ्या वरपासून खालपर्यंत न्याहाळल्या. मग त्याने बागेच्या दुसऱ्या टोकाकडे, रानाच्या बाजूच्या गडग्याकडे बोट केलं. "त्या बाजूला खंड्या कसा जातो?"

"तिथं अजून उडीच," तात्या म्हणाले.

मंगेशने मनगटावरचं घड्याळ बघितलं, ते काढून बॅगेवर ठेवलं आणि पँट दुमडायला लागला. विहिरीजवळ उरलेले चिरे रचून ठेवले होते. त्यातला एक त्याने वाकून उचलला, तशा बाई स्टुलावरून ओरडल्या.

"अहो, कमरेतून नाही! गुडघे वाकवा! अंगाशी धरा तो चिरा!"

मंगेश गुडघे वाकवून पुन्हा खाली बसला आणि नीट उठला. बाईंनी मला कोपराने जोरात ढोसलं. संध्याकाळच्या परतीच्या गाडीची वेळ होऊन गेली तेव्हा तो तिसरी पायरी बसवत होता आणि दोन्ही म्हातारे दोन बाजूंनी त्याच्या चुका काढत होते.